हातांचा हिशेब मांडा

माणूस एक आजार घेऊन रुग्णालयात जातो. तिथून तो दुसराच आजार घेऊन बाहेर पडला, किंवा बाहेर पडलाच नाही, तर त्या दुसऱ्या आजाराचे मूळ शोधायला सहसा कोणी थांबत नाही. मृत्यूच्या कारणापुढे ‘सेप्टिक शॉक’ असे लिहिले जाते, नातेवाईक सही करतात, बिल भागवतात आणि गावाकडे निघतात. हर्नियाच्या शस्त्रक्रियेला आलेल्या माणसाच्या रक्तात जंतू गेले कसे, हे विचारायचे त्यांना सुचत नाही. सुचले तरी ते कुणाला विचारायचे हे ठाऊक नसते. उत्तर पुष्कळदा अगदी साधे असते. ते जंतू कुणाच्या तरी हातावरून गेले. शेजारच्या खाटेवरची लघवीची पिशवी रिकामी केलेला, किंवा चिघळलेल्या जखमेचे ड्रेसिंग सोडलेला हात तसाच पुढे सलाईनच्या नळीला लागला. मध्ये तो कुणी धुतला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने संसर्ग-प्रतिबंधावरचा आपला पहिला जागतिक अहवाल २०२२ मध्ये काढला. तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांमागे श्रीमंत देशांत ७, तर आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच किमान एक संसर्ग होतो, असे त्यात म्हटले आहे. असा संसर्ग झालेल्या सुमारे १० जणांतला एक दगावतो. आणि हातांची स्वच्छता व संसर्ग-प्रतिबंधाचे बाकीचे किफायतशीर उपाय नीट पाळले, तर यातले ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टळू शकतात. धोक्याची घंटा वाजवायला यापेक्षा मोठे कारण लागत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना तर ती सर्वांत आधी ऐकू यायला हवी.

कारण हा उपचारांचा पट्टा आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले, तेव्हापासून सव्वाशेहून अधिक वर्षे सोलापूर, बेळगाव, विजापूरपासूनची माणसे ‘मिरजेला दाखवून येऊ’ म्हणत इथे येत आहेत. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. सांगलीचे वसंतदादा पाटील रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘सिव्हिल’, त्यालाच जोडलेले आहे. कऱ्हाडला कृष्णा रुग्णालय आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय गेली चार दशके चालू आहे. साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी २०२१-२२ ची. विश्रामबागपासून मिरजेच्या रेल्वे स्थानकापर्यंत आणि साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास खासगी रुग्णालयांच्या पाट्या मोजता मोजता माणूस थकेल. जतचा रुग्ण ग्रामीण रुग्णालयातून सांगलीला, सांगलीतून मिरजेला, तिथून कोल्हापूरला किंवा पुण्याला पाठवला जातो. माण-खटावचा साताऱ्याला आणि कऱ्हाडला. प्रत्येक टप्प्यावर नवी खाट, नवी नळी, नवे हात. एका अतिदक्षता विभागातला औषधांना न जुमानणारा जंतू याच वाटेने दुसऱ्या शहरातल्या अतिदक्षता विभागात पोचतो. रेफर केल्याच्या चिठ्ठीवर त्याचा उल्लेख नसतो.

या जंतूंची नावे आता डॉक्टरांपुरती राहिलेली नाहीत. क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर ही नावे आज कितीतरी घरांतल्या फायलींमध्ये, कल्चर रिपोर्टच्या कागदावर सापडतील. ॲसिनेटोबॅक्टर खाटेच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटनांवर, कोरड्या पृष्ठभागावर दिवसेंदिवस जिवंत राहतो. तिथून तो हातावर येतो आणि हातावरून रुग्णाच्या अंगात जातो. एकदा आत गेला की एकेक करून प्रतिजैविके निष्प्रभ ठरतात. मग शेवटच्या फळीतली, महागडी आणि मूत्रपिंडावर ताण आणणारी इंजेक्शने सुरू होतात. अशी प्रतिजैविकांना न जुमानणारी संसर्गबाधा हे २०१९ मध्ये जगभरात १२ लाख ७० हजार मृत्यूंचे थेट कारण ठरले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला होता. नवे प्रतिजैविक बाजारात यायला वर्षे जातात. तोवर आपल्या हाती उरते ते हे: जंतू खाटेवरून खाटेवर जाऊ न देणे.

सर्वांत जास्त किंमत मोजतात ती नुकती जन्मलेली मुले. देशातल्या २६ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतून मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात रुग्णालयजन्य संसर्गाची पद्धतशीर मोजणी झाली. रक्तातल्या संसर्गाचे २,६२२ प्रसंग नोंदले गेले आणि त्याचा सर्वाधिक दर नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागांत निघाला. त्याआधी दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात दाखल नवजातांपैकी १४.३ टक्के, म्हणजे साधारण दर सातांतले एक बाळ, जंतुसंसर्गाला बळी पडलेले आढळले. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश बाळांना तो जन्मानंतरच्या ७२ तासांतच झाला होता. दीड किलोच्या बाळाची कातडी कागदासारखी पातळ असते. त्याच्या हातात सुई खोचणाऱ्या बोटांवर काय आहे, यावर त्याचे आयुष्य ठरते. हे वाक्य लिहितानाही हात थरथरतो, आणि तरी नवजात कक्षाच्या दारातले बेसिन बंद पडलेले असते, साबणाची वडी पाण्यात विरघळून लिबलिबीत झालेली असते.

नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ बालके होती. राज्य हादरले. औषधांचा तुटवडा, मनुष्यबळाचा तुटवडा यांवर चर्चा झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण लोकांच्या लक्षात राहिले ते चित्र वेगळेच होते: एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला आणि त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. त्या कृत्यातली मानहानी निषेधार्ह होतीच. त्याहून चिंतेची गोष्ट अशी की आपल्या सार्वजनिक जीवनाला रुग्णालयातली घाण म्हणजे डोळ्यांना दिसणारी घाण एवढेच कळते. स्वच्छतागृह घाण असेल तर मंत्री संतापतात, भिंतीवरची पिचकारी दिसली तर बातमी होते. फरशी चकचकीत असलेल्या, वातानुकूलित, फुलांच्या कुंड्या ठेवलेल्या विभागात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे न धुता जाणारा हात कुणालाच दिसत नाही. माणसे त्या हातामुळे मरतात.

हे कुणाला माहीत नाही असे नाही. हात कधी स्वच्छ करायचे याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिले आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, सुई-नळीसारखे निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-पू यांच्याशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. या पाच प्रसंगांचे तक्ते आपल्या जवळपास प्रत्येक रुग्णालयात लॅमिनेट करून लावलेले आहेत. दरवर्षी ५ मे रोजी हातस्वच्छता दिन साजरा होतो, रांगोळ्या काढल्या जातात, विद्यार्थिनी नाटुकली करतात. केंद्र सरकारची रुग्णालय-स्वच्छतेची ‘कायाकल्प’ योजना २०१५ पासून आहे, संसर्ग-प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०२० पासून आहेत. एवढे असूनही, खास प्रयत्न न केलेल्या रुग्णालयांत सरासरी दहापैकी चारच वेळा हात स्वच्छ केले जातात, असे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसले आहे. अनेक पाहण्यांत डॉक्टर या बाबतीत परिचारिकांपेक्षा मागे आढळले. राउंडला निघालेले ज्येष्ठ डॉक्टर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना थांबले नाहीत, तर मागचे रेसिडेंट आणि इंटर्न थांबत नाहीत. ‘सर, हात’ असे म्हणायची हिंमत आपल्याकडे कुठल्या सिस्टरला होणार?

शिवाय हातमोज्यांनी एक नवाच घोळ करून ठेवला आहे. मोजे घातले म्हणजे हात स्वच्छ, हा समज कोविडपासून पक्का झाला. तेच मोजे घालून तीन रुग्णांना हात लावला जातो, फाइल उघडली जाते, मोबाइल उचलला जातो. मोजा घालणाऱ्याचा बचाव होतो, रुग्णाचा होत नाही. २०२५ च्या हातस्वच्छता दिनाचे जागतिक घोषवाक्य नेमके याच सवयीवर बेतलेले होते.

पण सगळा दोष सवयीवर ढकलणे अन्यायाचे होईल. अतिदक्षता विभागात एका परिचारिकेला तासाला २० वेळा हात स्वच्छ करायची गरज पडणे नवलाचे नाही. साबण-पाण्याने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, बेसिनपर्यंत जाणे-येणे वेगळे. म्हणजे तासातली २० मिनिटे नुसती हात धुण्यात गेली. हे शक्य नाही, आणि जे शक्य नाही त्याचा आग्रह कागदावरच उरतो. म्हणूनच जगाने अल्कोहोलयुक्त द्रावणाचा, कर्मचाऱ्यांच्या भाषेत ‘रब’चा, मार्ग धरला. खाटेशी लावलेल्या बाटलीतून घेतलेले ते द्रावण चोळायला २० ते ३० सेकंद पुरतात. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात प्रा. दिदिए पिते यांनी हा बदल घडवला. १९९४ मध्ये ४८ टक्के असलेले हातस्वच्छतेचे पालन १९९७ पर्यंत ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयजन्य संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण अशा तालुक्यांसाठी तर या मार्गाचे मोल दुप्पट आहे. जिथे एप्रिल-मे महिन्यांत टाकीत पाणी पडायला टँकरची वाट पाहावी लागते, तिथे पाण्याविना हात निर्जंतुक करण्याची सोय ही चैन नव्हे. (हात डोळ्यांना दिसेल इतके बरबटलेले असतील, किंवा अतिसाराच्या काही विशिष्ट जंतूंशी गाठ असेल, तर साबण-पाणीच लागते. त्यामुळे नळ दुरुस्त करण्यातून सुटका नाही.)

बाटली लावली की काम झाले असे मात्र नाही. ती वापरली जाते का, हा खरा प्रश्न, आणि आपल्याकडे त्याचे उत्तर मिळवायची रीतच चुकीची आहे. संसर्ग-नियंत्रण परिचारिका हातात तक्ता घेऊन वॉर्डात उभी राहते आणि कोण हात धुतो ते टिपते. ती दिसली की सगळे हात धुतात. टोरंटोतल्या एका मोठ्या रुग्णालयात झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे यंत्राने मोजून दाखवले. निरीक्षक ज्या बाटल्यांपाशी दिसत होता तिथला वापर, तो दिसत नसलेल्या बाटल्यांपेक्षा जवळपास तिप्पट होता. म्हणजे तक्त्यावर जे ९० टक्के लिहिले जाते, ते निरीक्षकाच्या उपस्थितीचे मोजमाप असते. नॅकची समिती येणार म्हटल्यावर महाविद्यालयांचे काय होते ते आपण जाणतो. रुग्णालयांच्या तपासणीच्या आठवड्यात वेगळे काही होत नाही. व्हिएन्नात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूती विभागातल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, ही कथा वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. पण त्यांना कारणापर्यंत नेले ते मृत्यूंच्या नोंदवहीने, हे कमी सांगितले जाते. डॉक्टर काम करत तो विभाग आणि सुईणी काम करत तो विभाग, या दोहोंचे आकडे त्यांनी शेजारी शेजारी मांडले होते. आपल्याला आज नेमकी तीच गोष्ट हवी आहे, आणि ती देण्याची ताकद आता यंत्रात आहे.

बाजारात बरेच काही आहे. कर्मचाऱ्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यात चिप असते; तो खाटेजवळ गेला आणि बाटली दाबली नाही, तर बिल्ला थरथरतो किंवा लाल होतो. कॅमेरे आहेत: न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेट इथल्या रुग्णालयाने अतिदक्षता विभागाच्या बेसिन आणि दारांवर कॅमेरे रोखले, बाहेर बसलेल्या माणसांनी ते चित्रण तपासले. नुसते चित्रण चालू होते तोवर पालन १० टक्क्यांच्याही खाली होते. ते आकडे विभागातल्याच फलकावर सतत दाखवायला सुरुवात केल्यावर ८१.६ टक्क्यांवर गेले. कॅमेरा दोन्ही वेळा होता. फरक पडला तो आकडा समोर आल्यामुळे. आपण या उदाहरणातून घ्यायचे ते एवढेच. कॅमेरे घेऊ नयेत. आपल्या वॉर्डांत पडद्यांची वानवा आहे, खाटांना खाटा टेकलेल्या असतात आणि बाळंतीण, कॅथेटर लावलेला म्हातारा, जळालेली मुलगी उघड्यावर असते. त्यांच्या अंगावर कॅमेरा रोखून हात स्वच्छ करवणे आम्हाला मान्य नाही.

बिल्ल्यांचीही आपल्याकडे मोठी अडचण आहे, आणि ती परदेशी विक्रेत्याच्या ध्यानात येणार नाही. आपल्या शासकीय रुग्णालयात रुग्णाची निम्मी सेवा नातेवाईक करतात. कूस बदलणे, नळीतून पेज भरवणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, बाळाला हातात घेणे हे सून, मुलगा, आजी करत असतात. शेजारच्या खाटेवरच्या एकट्या म्हाताऱ्यालाही तेच हात पाणी पाजतात. वॉर्डातल्या मावशी आणि मामा कंत्राटी, दर काही महिन्यांनी बदलणारे. या कुणाच्याच गळ्यात बिल्ला असणार नाही. त्यामुळे मोजायची ती माणसे नकोत, बाटली मोजायला हवी. प्रत्येक खाटेशी एक बाटली आणि तिच्या दांड्याला दर दाबागणिक एकेक वाढणारा गणक. कोणी दाबली हे त्याला कळत नाही. कुठल्या विभागात, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती वेळा दाबली हे कळते. पुष्कळ काम त्याने होते.

आणि गणक येईपर्यंतही थांबायचे कारण नाही. द्रावणाचा खप हेच एक मोजमाप आहे. दर १,००० रुग्ण-दिवसांमागे किमान २० लिटर, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. गणित करून पाहा. एका वेळी ३ मिलिलिटर घेतले, तर हे रोज प्रत्येक रुग्णामागे जेमतेम सहा-सात वेळा हात चोळणे झाले. १०० खाटा महिनाभर भरलेल्या असतील तर ६० लिटर लागायला हवेत. अतिदक्षता विभागात याच्या कितीतरी पट. भांडारपालाच्या नोंदवहीत किती लिटर उचलले ते लिहिलेले असते, किती रुग्ण किती दिवस होते ते संगणकात असते. एकाला दुसऱ्याने भागायचे, बस्स. हा भागाकार सातारा आणि सांगलीतल्या प्रत्येक रुग्णालयात दर महिन्याला व्हावा आणि त्याचे उत्तर केसपेपरच्या खिडकीशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिले जावे, ही आमची पहिली मागणी आहे. आज असे लिहिण्याचे कुणावर बंधन नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने २००९ मध्येच रुग्णालयांना हातस्वच्छतेचे आकडे जाहीर करायला लावले. ते निरीक्षकांनी टिपलेले आकडे होते, आणि टोरंटोचा तो अभ्यास त्याच प्रांतातला. त्यांची चूक आपल्याला माहीत आहे, ती आपण पुन्हा करायची गरज नाही.

या दोन जिल्ह्यांतला शेतकरी गावच्या दूध डेअरीत फॅट मोजणाऱ्या यंत्राची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय किटली उचलत नाही, आणि कारखान्याच्या वजनकाट्यात खोट निघाली तर रस्त्यावर उतरतो. दुधातल्या फॅटच्या दशांशावर हक्क सांगणाऱ्या या समाजाने आपल्या माणसाच्या अंगाला लागणाऱ्या हातांचा हिशेब मागायचा नाही, हे चालू ठेवता येणार नाही.

कारखान्यांचा विषय निघालाच आहे. हे द्रावण म्हणजे मुख्यतः अल्कोहोल, आणि ते मळीतून निघते. १० लिटर द्रावणासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असे: ९६ टक्क्यांचे इथेनॉल ८,३३३ मिलिलिटर, ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर आणि उरलेले उकळून थंड केलेले पाणी. रेठरे, साखराळे, भुईंज इथल्या कारखान्यांना आसवन्या आहेत. २०२० मध्ये राज्यातल्या साखर कारखान्यांनी काही आठवड्यांत सॅनिटायझर बनवून दाखवले होते. तेव्हा सलूनच्या दारातही पायाने दाबायचा स्टँड होता. पश्चिम आफ्रिकेतल्या माली या गरीब देशाने बामाकोच्या रुग्णालयासाठी उसापासून काढलेल्या स्थानिक अल्कोहोलचेच द्रावण केले आणि ८ टक्क्यांवरचे पालन २१.८ टक्क्यांपर्यंत नेले. २१.८ हा आकडाही अपुराच; पण तो जवळपास तिप्पट आहे आणि उसाच्या मळीवर उभा आहे. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात एखाद्या रुग्णालयात रबची बाटली रिकामी लटकत असेल, तर त्याला कोणतीही सबब पुरणार नाही. उत्पादन शुल्क विभागाचे परवाने, दर्जाची तपासणी, आगीपासून सुरक्षित साठवण या गोष्टी सांभाळाव्याच लागतील; वणीत २०२१ मध्ये सॅनिटायझर पिऊन माणसे दगावली होती, तेव्हा द्रावणाचा हिशेब आणि त्यावरची नजर दोन्ही हवेत. ग्लिसरॉलवर मात्र कुणी काटकसर करू नये. स्वस्त द्रावणाने हातांना भेगा पडतात, चुरचुरते, आणि मग सिस्टर ती बाटली टाळतात. त्यांच्या तक्रारीत तथ्य असते.

गणकासाठीही लांब जायला नको. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून, राजारामनगरचे १९८३ पासून. बाटलीखाली वजन मोजणारा संवेदक किंवा दांड्याला चुंबकी कळ, एक छोटा मायक्रोकंट्रोलर, वर्षभर टिकणारी बॅटरी: शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला हा प्रकल्प आहे. कोविडकाळात राज्यभरच्या विद्यार्थ्यांनी हात पुढे करताच द्रावण सोडणारी यंत्रे केलीच होती. ती यंत्रे आज कुठे आहेत, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे, कारण खरे संकट तिथे आहे. शासकीय रुग्णालयात यंत्र येते ते फीत कापून, आणि पहिली बॅटरी संपली की कोपऱ्यात जाते, कारण देखभालीचा करार कुणी केलेला नसतो. हातस्वच्छतेत हे केवळ पैसे वाया जाण्यापुरते राहत नाही. अमेरिकी रुग्णालयांतल्या एका मोठ्या अभ्यासात, २०१६ मध्ये, असे दिसले की वैयक्तिक मोजणी सुरू केल्यावर पालन वाढले, मग हळूहळू उतरू लागले, आणि मोजणी बंद केल्यावर ती सुरू होण्याआधी होते त्याहूनही खाली गेले. मोजणी सुरू करून मध्येच सोडणारे रुग्णालय काहीच न केलेल्या रुग्णालयापेक्षा वाईट ठरू शकते. म्हणून पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा बाजूला काढल्याशिवाय एकही गणक बसवू नये.

परिचारिकांच्या मनातली भीती आम्ही जाणतो. बायोमेट्रिक हजेरी, रोजच्या नोंदींचे पोर्टल, ऑनलाइन अहवाल यांच्या भाराखाली त्या आधीच वाकल्या आहेत. आता हातही मोजणार आणि मेमो देणार, असे त्यांना वाटले तर त्यात नवल नाही. मोजणी व्यक्तीची नको, विभागाची हवी असे आम्ही म्हणतो ते म्हणूनही. पहिले वर्षभर या आकड्यांवरून कुणावरही कारवाई होणार नाही, असे लेखी आश्वासन अधिष्ठात्यांनी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी द्यावे. हा आकडा परिचारिकांच्याच बाजूने बोलेल, याची आम्हाला खात्री आहे. अमेरिकेतल्या ३५ रुग्णालयांतल्या चार हजारांवर कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांगतात की १२ तासांच्या पाळीत सुरुवातीपासून शेवटापर्यंत हातस्वच्छतेचे पालन सरासरी ८.७ टक्केबिंदूंनी घसरते. थकलेला माणूस सर्वांत आधी हेच सोडतो. आपल्याकडे शैक्षणिक रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे मानक आहे. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला ते मानक वाचून काय वाटत असेल? पहाटे चार वाजता गणकाची रेघ खाली गेलेली दिसली, की रिक्त पदांची मागणी निव्वळ निवेदनापुरती राहणार नाही. मंत्रालयाला त्या रेघेकडे पाहावे लागेल.

खासगी रुग्णालयांना यातून वगळायचे कारण नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा पैसा ज्या रुग्णालयांना मिळतो, त्यांच्याकडून हा आकडा मागण्याचा सरकारला पुरा अधिकार आहे. ‘शस्त्रक्रियेनंतर इन्फेक्शन झाले’ म्हणून दुसरे पॅकेज मंजूर होते, तेव्हा तो पैसा करदात्याचा असतो आणि यातना रुग्णाच्या असतात. महाराष्ट्रात केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा लागू नाही. शुश्रूषागृहांची नोंदणी राज्याच्या जुन्या कायद्याखाली होते. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आले. त्याच भिंतीवर द्रावणाच्या खपाचा आकडाही यावा, यासाठी नियमात एक ओळ वाढवावी लागेल. दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात ती मागावी. मिरजेच्या नावाचा व्यवसायात उपयोग करून घेणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने तर कायद्याची वाट पाहू नये.

पैशाचा प्रश्न जिल्हा नियोजन समितीच्या एका बैठकीत सुटण्याजोगा आहे. स्वागत कमानी, सुशोभीकरण, हायमास्ट दिवे यांना मंजुरी देताना जी तत्परता दिसते, त्यातली थोडी इथे दाखवली तरी पुरे. सुरुवात नवजात कक्षांपासून व्हावी. तिथे खाटा मोजक्या आहेत, आत जायचे दार एकच आहे, आणि बाळाची आई तर हात धुवायला सांगण्याचीही गरज नसलेली साथीदार आहे. तिला फक्त बाटली दाखवायची. सातारा, सांगली आणि मिरज इथल्या शासकीय नवजात कक्षांत प्रत्येक वॉर्मरशी बाटली, बाटलीला गणक आणि दाराबाहेर आकडा, एवढे तीन महिन्यांत होऊ शकते. त्यानंतर अतिदक्षता विभाग, प्रसूती विभाग, जळीत विभाग. सोबत त्याच विभागांतल्या रक्तसंसर्गाचा मासिक दरही लावावा, म्हणजे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतील. पहिल्या महिन्याचे दोन्ही आकडे वाईट निघतील, हे आम्ही आजच लिहून ठेवतो. ते दडवू नयेत, आणि त्यावरून कुणा एका सिस्टरला धारेवरही धरू नये. लिटरच्या हिशेबासाठी मात्र तीन महिनेही लागत नाहीत. भांडारातली नोंदवही आज तिथे आहे. गेल्या महिन्यात किती लिटर द्रावण खाटांपर्यंत पोचले, हे तिन्ही ठिकाणच्या प्रमुखांनी या आठवड्यात सांगावे.